क्रेटोट्रायगोना प्रिस्का

क्रेटोट्रायगोना प्रिस्का : डंखहीन मधमाश्यांची राळाश्मात जतन झालेली एक विलुप्त जाती. समावेश एपिडी कुलाच्या मेलिपोनिनी गणात होतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात किंकोरा येथे सापडलेला एकच नमुना या जातीचा आधार असून तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये आहे. मराठीत राळाश्माला अंबर व तृणमणी अशीही नावे आहेत. परंतु ‘अंबर’ हा शब्द देवमाशापासून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्यालाही लावला जात असल्याने येथे राळाश्म हीच संज्ञा योजली आहे.

चार्ल्स मिचनर व डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी १९८८ मध्ये या माशीचे वर्णन ‘ट्रायगोना प्रिस्का’ या नावाने केले. हयात असलेल्या ट्रायगोना प्रजातीतच तिची गणना करावी इतके तिचे आजच्या उष्णकटिबंधीय अमेरिकी जातींशी साम्य त्यांना आढळले. मायकेल एंगेल यांनी २००० मध्ये नमुन्याची फेरतपासणी करून तिच्यासाठी क्रेटोट्रायगोना ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. ‘प्रिस्का’ म्हणजे लॅटिनमध्ये प्राचीन. ट्रायगोना हे नाव पूर्वी फार व्यापक अर्थाने वापरले जाई. आपल्याकडील पोया माशीही जुन्या पुस्तकांत ट्रायगोना म्हणूनच येते, आता तिला टेट्रागोन्युला म्हणतात. हे लक्षात घेता नामांतर अधिक सयुक्तिक वाटते.

नमुना कामकरी माशीचा आहे. तिच्या मागच्या पायाच्या नडगीवर परागकरंडी, म्हणजे कडेने केस असलेला गुळगुळीत खोलगट भाग, असून उदर लहान आहे. डंखहीन माश्यांत राणीला व नराला परागकरंडी नसते आणि अंडी घालणाऱ्या राणीचे उदर फुगीर असते. त्यामुळे ही ओळख बळकट ठरते. कामकरी माशी म्हणजे श्रमविभागणी आणि श्रमविभागणी म्हणजे वसाहत, असा निष्कर्ष वर्णनकर्त्यांनी काढला. एका पायाच्या नडगीवरून समाजजीवनाची प्राचीनता ठरावी, हे या नोंदीतील सर्वांत लक्षणीय अनुमान होय. कामकरी माशीच राळेत सापडावी यातही नवल नाही, कारण डंखहीन माश्या घरट्याच्या बांधणीसाठी मेणात मिसळण्यास झाडाची राळ खरवडून परागकरंडीत भरून नेतात व त्या कामात चिकटून बसतात. डॉमिनिकन राळाश्मात प्रोप्लेबिया डॉमिनिकाना ही याच गणातील माशी विपुल मिळते.

कालनिर्णयाचा प्रश्न वादग्रस्त आहे. मूळ वर्णनात राळाश्माचे वय ९·६ ते ७·४ कोटी वर्षे दिले होते. म्हणजे तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या मधमाशीच्या जीवाश्माच्या सु. दुप्पट. मधमाश्यांच्या वंशवृक्षात डंखहीन माश्या बऱ्याच उशिराच्या, प्रगत फांदीवर येतात. तेव्हा ही तारीख मानल्यास सपुष्प वनस्पती अवतरल्यापासून सु. ५ कोटी वर्षांतच मधमाश्यांची बहुतेक उत्क्रांती उरकली आणि नंतर या शाखेत बाह्यरचना जवळपास बदललीच नाही, असे मानावे लागते. हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. राळेचे वय थेट मोजता येत नाही. ते ज्या थरात ती सापडते त्यावरून ठरते, आणि हलकी राळ पाण्याबरोबर वाहून नव्या थरात जाऊ शकते. न्यू जर्सीतील राळाश्माचे थरही एकाच वयाचे नाहीत. नमुना याहून बराच अलीकडचा, क्रिटेशस कालखंड (सु. १४·५ ते ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा) संपल्यानंतरचा असावा, अशीही शंका घेतली गेली. एंगेल यांनी तो क्रिटेशसच्या अगदी अखेरच्या मास्ट्रिक्टियन टप्प्यातील (सु. ७·२ ते ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा) मानला. हे मत सामान्यतः स्वीकारले जाते व पुराव्याशी अधिक जुळते.

म्यानमारमधील हुकाँग खोऱ्यातील सु. १० कोटी वर्षांपूर्वीच्या राळाश्मातून मेलिटोस्फेक्स बर्मेन्सिस हा जेमतेम ३ मिमी. लांबीचा कीटक २००६ मध्ये पॉइनार व डॅनफोर्थ यांनी आद्य मधमाशी म्हणून प्रसिद्ध केला. त्याचे केस मधमाशीसारखे शाखायुक्त असले, तरी काही लक्षणे गांधीलमाशीची आहेत आणि अलीकडच्या चिकित्सेत त्याला मधमाश्यांतून वगळण्याकडे कल दिसतो. त्यामुळे ज्येष्ठतेच्या चर्चेत किंकोराची माशी पुन्हा पुढे आली आहे.

मास्ट्रिक्टियन वय गृहीत धरून २००३ मध्ये असा युक्तिवाद झाला की, डंखहीन माश्यांना ३१ ते ३४° से. तापमान मानवते, त्या तगल्या, त्याअर्थी डायनोसॉरांच्या अंताच्या वेळी उल्काघाताने आलेला गारठा २ ते ७° से. हून अधिक नसावा. मात्र गण तगला म्हणून न्यू जर्सीतील ही जाती तगली असे होत नाही. गणातील इतर माश्या दूरच्या उष्ण प्रदेशात टिकल्या असणे शक्य आहे.

परागकरंडी असलेल्या मधमाश्यांचे जीवाश्म भारतातही आढळले आहेत. गुजरातेतील खंभात खोऱ्याच्या लिग्नाइट खाणींमध्ये मिळणारा राळाश्म सु. ५ कोटी वर्षांपूर्वीचा, पूर्व इओसीन काळातील असून त्यातील काही माश्या मेलिकेर्टिनी या विलुप्त गणातील आहेत. (पहा : मधमाशी, राळाश्म).