बाजूला धरलेला पत्ता आणि जाणिवेचा वाद

पत्त्यांच्या कॅटमधून न बघता एक पत्ता काढा. नजर समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर खिळवा, हात लांब करून पत्ता अगदी बाजूला धरा आणि नजर न हलवता तो सावकाश पुढे आणा. काहीतरी हलतंय हे लगेच कळतं. पण पत्ता लाल की काळा, हे सांगताना चाचपडायला होतं. आणि बदामाची सत्ती की अठ्ठी, हे तर तो जवळजवळ नाकासमोर आल्याशिवाय उमगत नाही.

बारीक तपशील टिपणाऱ्या शंकूपेशींची खरी दाटी डोळ्याच्या पडद्यावर मधल्या छोट्याशा खळग्यातच असते. लांब धरलेल्या हाताचा अंगठा जेवढी जागा व्यापतो, साधारण तेवढंच आपल्याला रेखीव दिसतं. तरी वाटतं मात्र असं, की अख्खी खोली कडेपासून कडेपर्यंत रंगीत दिसतेय! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना व्हीआर हेडसेट घालून दृश्यं दाखवली आणि नजर जिथे असेल तेवढा भाग सोडून बाकीचे रंग काढून टाकले. दृश्याचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग रंगीत उरला, तरी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना पत्ताच लागला नाही.

पत्त्याचा हा खेळ अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांचा आवडता. स्वतःच्या अनुभवाबद्दल आपण इतके चुकतो, तर ‘लाल दिसण्यातला तो लालपणा’ किंवा ‘दुखण्यातलं ते दुखणं’ असं काही खास आत असतं, हा समजही चूक का नसावा, असा त्यांचा सवाल. तत्त्वज्ञ कीथ फ्रँकिश यांनी तो आणखी ताणला: मेंदू स्वतःच्याच कामाचं सोपं, ढोबळ चित्रण करतो आणि त्यालाच आपण गूढ अनुभव म्हणतो; म्हणजे तो खास अनुभव हा भासच. कुणाला इथे मायावाद आठवेल, पण गणित नेमकं उलटं आहे. अद्वैतात जग मिथ्या आणि चैतन्य सत्य. इथे जग पक्कं, चैतन्याबद्दलच शंका.

तत्त्वज्ञ गॅलन स्ट्रॉसन यांना हे सगळं निव्वळ खुळचटपणाचं वाटतं. भास झाला म्हणजे काहीतरी अनुभवलंच की! यावर डेनेटपंथीयांचं उत्तर असं, की भास म्हणजे आतला सिनेमा नव्हे, चुकीचा निष्कर्ष.

मला हे उत्तर चतुर वाटतं, पुरेसं नाही. अडतं ते डी.बी. या रुग्णापाशी. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या उजव्या बाजूचं दृष्टिकेंद्र काढावं लागलं, त्यामुळे डावीकडचं जवळपास काहीच दिसेना. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रान्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली नोंदवलं, की तिकडे दाखवलेल्या प्रकाशाकडे ‘अंदाजाने बोट कर’ म्हटलं की तो बऱ्यापैकी अचूक बोट करायचा. आपल्याला काही दिसत नाही, हे मात्र ठामपणे सांगायचा. माहिती आत पोचत होती, मग डावीकडे कमी काय होतं? फक्त ‘मला दिसतंय’ हा निष्कर्ष? डेनेटपंथीय बहुधा हो म्हणतील. मला ते पटायला जड जातं.

तरीही त्यांच्या हट्टातून एक कामाचा प्रश्न पुढे आला. जाणीव खरी मानणारे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनीच २०१८ साली तो नीट मांडला: जाणीव हे कोडं आहे असं आपण म्हणतो, ते मेंदूतल्या कुठल्या घडामोडींमुळे? म्हणणं हे वर्तन आहे, तेव्हा ते निदान प्रयोगशाळेत तपासता येतं, आणि दोन्ही पक्षांना उत्तर हवंच आहे.