कलम २३० आणि कलम ५१२ : दोन्ही संरक्षणं, पण सारखी नाहीत

अमेरिकेत युजरने वेबसाइटवर काही भलतंसलतं टाकलं तर मालक अडकतो का? ‘नाही, कलम २३० आहे ना!’ हे ठरलेलं उत्तर अर्धंच खरं आहे. (युजरच्या मजकुराची जबाबदारी वेबसाइटवर न टाकणारं हे अमेरिकी कायद्यातलं कलम.) मजकूर बदनामीचा असेल तर २३० कामाला येतं. चोरलेला फोटो किंवा गाणं असेल तर नाही, कारण बौद्धिक संपदेचे दावे त्या कलमाने स्वतःच वगळले आहेत. तिथे डीएमसीए या १९९८च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५१२ बघावं लागतं.

२३० आलं १९९६मध्ये. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने प्रॉडिजी या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीला युजरच्या मजकुरासाठी प्रकाशक मानलं होतं. कारण काय, तर ती मजकुरावर देखरेख ठेवत होती. म्हणजे साफसफाई करणारा अडकणार आणि डोळेझाक करणारा सुटणार! संसदेने हा उलटा न्याय मोडला. तक्रार येऊनही मजकूर ठेवला तरी हे संरक्षण जात नाही, असं एओएल या इंटरनेट कंपनीविरुद्धच्या झेरान खटल्यात १९९७मध्ये ठरलं. त्यामुळे असे दावे बरेचदा सुरुवातीलाच निकाली निघतात. छोट्या साइटसाठी खरी किंमत याचीच, कारण वकिलाची फी निकालाआधीच कंबरडं मोडते.

५१२चं संरक्षण मात्र अटींवर मिळतं. तक्रारी घेणारा एजंट कॉपीराइट ऑफिसात नोंदवायचा, दर ३ वर्षांनी नोंदणी नवी करायची, नोटीस येताच मजकूर विनाविलंब काढायचा, वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करायची. एकट्याने साइट चालवणारा नोंदणीच विसरला की संरक्षण गेलं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कलाकृतीमागे १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. आणि अटी पाळूनही सुटका होतेच असं नाही. व्हिडिओ साइट व्हिओने २००९मध्ये युनिव्हर्सल म्युझिकविरुद्ध ५१२च्या जोरावर निकाल मिळवला आणि २०१०मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

२३०लाही ‘नोटीस आली की काढा’ अशी अट घालावी, ही मागणी अधूनमधून होते. ऐकायला रास्त वाटते. पण बदनामी खरी की खोटी हे तपासायला मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. छोटा मालक तक्रार दिसली की मजकूर उडवणार. वाईट हॉटेलबद्दल खरं लिहिणारा ग्राहकही त्यात उडणार. २०१८मध्ये लैंगिक तस्करीविरोधी फोस्टा कायद्याने २३०ला एक अपवाद जोडला, तेव्हा छोट्या जाहिरातींची साइट क्रेगलिस्टने अमेरिकेतला जोडीदार शोधण्याच्या जाहिरातींचा अख्खा विभागच बंद केला. बाकीच्या सेवा धोक्यात घालून ही जोखीम घेता येणार नाही, असं कंपनीने सांगितलं.