जावा की डॉटनेट? या प्रश्नाची पार्श्वभूमी

'आधी जावा धरू की डॉटनेट? की दोन्ही?' सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेली मुलं प्रोग्रॅम लिहायच्या या दोन प्लॅटफॉर्मबद्दल हा प्रश्न आजही विचारतात. त्याचं मूळ तंत्रात कमी आणि दोन कंपन्यांच्या भांडणात जास्त आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही मशिनवर चालेल, हे तिचं वचन. मायक्रोसॉफ्टचा धंदा विंडोजवर उभा, तरी १९९६ मध्ये त्यांनी जावाचं लायसन्स घेतलं आणि व्हिज्युअल जे++ या आपल्या जावाच्या टूलमध्ये फक्त विंडोजवर चालतील अशा सोयी घातल्या. सनने १९९७ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर मोजून तो खटला मिटवला, पण तोवर त्यांनी वेगळी चूल मांडली होती. २००० साली जाहीर झालेलं डॉटनेट, म्हणजे प्रोग्रॅम बनवायचा आणि चालवायचा त्यांचा स्वतःचा प्लॅटफॉर्म, फेब्रुवारी २००२ मध्ये बाजारात आलं. त्यातल्या सी शार्प या भाषेचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग याआधी जे++ वरच काम करत होते. म्हणून जावा आणि सी शार्प मला चुलत बहिणी वाटतात.

नोकऱ्यांच्या जाहिराती मात्र दोन गटांत वाटल्या गेल्या. युनिक्स किंवा लिनक्सचे सर्व्हर असतील तिथे बहुधा जावा. विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल तिथे डॉटनेट. सर्टिफिकेटंही वेगळी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या डीएसी या कम्प्युटर डिप्लोमात दोन्ही शिकवतात, पण प्रोजेक्ट मिळाला की माणसावर एकच शिक्का बसतो.

एकाच गोष्टीत मुरण्याचा धोका खरा दिसला तो व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, सोप्या भाषेत काम करणाऱ्यांना. १९९८ च्या व्हीबी ६ वर असंख्य ऑफिसांची कामं चालत. फॉर्मवर बटण ओढायचं, त्यामागे चार ओळी लिहायच्या. मग व्हीबी डॉटनेट आलं; नाव तेच, पण आतली रचना पार बदललेली. इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याला देणं), एक्सेप्शन (चुका हाताळायची रीत), गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी होणं), सगळं नव्याने शिकणं आलं. व्हीबी ६ चा मुख्य सपोर्ट २००५ मध्ये संपला. ज्यांना फक्त टूल येत होतं, त्यांचे फार हाल झाले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. गंमत म्हणजे जावा नीट शिकलेल्याला यातलं बरंचसं आधीच ठाऊक होतं.

म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षं एकच प्लॅटफॉर्म धरावा, पण त्याच्या पोटात शिरावं, असं माझं ठाम मत आहे. मेमरी कशी मोकळी होते, थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांना कसे अडवतात, हे एकीकडे कळलं की दुसरीकडे ओळखीचं वाटतं. दोन्हींची नुसती तोंडओळख करून घेतली, तर हे कुठेच हाती लागत नाही.

दोन गटांमधली भिंतही पुढे खचत गेली. सनने २००६ मध्ये जावाचा सोर्स खुला करायला घेतला. २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. २०१६ चं डॉटनेट कोअर, म्हणजे डॉटनेटचा नवा अवतार, लिनक्सवर चालू लागलं. सी शार्पमध्ये २००७ साली आलेले लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची छोटी फंक्शन) जावाला २०१४ मध्ये मिळाले. मात्र एकाच वेळी हजारो कामं सांभाळायची कशी, यावर दोघींची उत्तरं वेगळी: सी शार्पने २०१२ मध्ये एसिंक-अवेट दिलं (थांबावं लागेल ती जागा कोडमध्येच सांगायची), जावाने २०२३ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी चालवता येतील असे हलके थ्रेड). एकीत मुरलेल्या माणसाने दुसरीकडे वळून पाहावं, ते अशा जागी.