ज्यांच्याकडे पाहणारे कुणी नव्हते

रस्तेदुरुस्तीसाठी डांबर वितळवण्याच्या मोठाल्या कढया रात्री काम थांबल्यावरही बराच वेळ कोमट राहत, आणि १९२०च्या दशकातल्या मॉस्कोत बेघर मुले त्यांत अंगाचे मुटकुळे करून झोपत. महायुद्ध, यादवी युद्ध आणि १९२१-२२चा दुष्काळ यांनी सोव्हिएत देशात घर हिरावलेल्या मुलांची संख्या तेव्हाच्या अंदाजांनुसार सत्तर लाखांपर्यंत गेली होती. त्यांना रशियनमध्ये ‘बेस्प्रिझोर्निकी’ म्हणत, म्हणजे ज्यांच्याकडे पाहणारे कुणी नाही अशी मुले. भाकरीसाठी केलेल्या चोरीपासून त्यांची गुन्हेगारी सुरू होई.

१९१७च्या क्रांतीनंतर आलेल्या नव्या साम्यवादी राजवटीची भूमिका अशी होती की गुन्ह्याचे मूळ माणसात नसून विषमतेत आहे. त्यामुळे जानेवारी १९१८मध्येच सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी न्यायालये आणि तुरुंगवास रद्द करून त्यांची प्रकरणे एका आयोगाकडे सोपवण्यात आली, आणि त्या आयोगात एक डॉक्टर असणे बंधनकारक होते. ही तरतूद त्या काळाच्या फार पुढची होती, असे मला वाटते.

ती प्रत्यक्षात कशी उतरू शकते, हे अंतोन मकारेंको या शिक्षकाने दाखवले. १९२०मध्ये युक्रेनमधल्या पोल्ताव्हाजवळ बाल गुन्हेगारांची वसाहत चालवायला घेतल्यावर त्यांनी मुलांच्या पूर्वीच्या गुन्ह्यांची कागदपत्रे पाहण्याचे हळूहळू सोडून दिले. मुलांच्या तुकड्या करून प्रत्येकीला तिच्यातलाच नायक दिला, शेती आणि कार्यशाळा त्यांच्या अंगावर टाकल्या. पुढे खारकिव्हच्या कम्यूनमध्ये, म्हणजे मुलांच्या सामूहिक वसाहतीत, तर अशाच मुलांच्या हातून लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या धर्तीवरचा ‘फेड’ कॅमेरा तयार होऊ लागला. जर्मन कारागिरीचे ते बारीक काम रस्त्यावरून आलेल्या मुलांना जमले, ते कुणीतरी त्यांच्यावर विसंबून राहिल्यामुळे. मकारेंकोंची पद्धत मऊ मात्र नव्हती. सुरुवातीला संतापाच्या भरात आपण एका मुलावर हात उगारल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

१९३०च्या दशकात वारे फिरले. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामूहिक शेती लादणारे सक्तीचे सामूहिकीकरण आणि १९३२-३३चा दुष्काळ यांनी पुन्हा असंख्य मुले रस्त्यावर आणली. पण समाजवाद उभा राहिल्याची घोषणा करणाऱ्या शासनाला आपल्याच धोरणात कारण शोधणे परवडणारे नव्हते. जुन्या समाजाला दोष देता येईनासा झाला, तेव्हा तो मुलावर आणि आईबापांवर आला. ७ एप्रिल १९३५च्या हुकुमाने चोरी, मारहाण आणि खून अशा गुन्ह्यांसाठी बारा वर्षांपासूनच्या मुलांना प्रौढांचे फौजदारी कायदे लागू झाले, आणि पुढच्याच वर्षी मुलांच्या मानसिक वाढीचा अभ्यास करणाऱ्या ‘पेडॉलॉजी’ या शास्त्रावर बंदी आली. दुष्काळात अनाथ झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्याच शासनाने आरोपी म्हणून उभे करावे, हा अन्याय मला विसरता येत नाही.

स्टालिननंतर, १९५८च्या कायद्याने फौजदारी जबाबदारीचे वय सोळा आणि गंभीर गुन्ह्यांसाठी चौदा झाले; किरकोळ प्रकरणे पुन्हा स्थानिक आयोगांकडे गेली. हे आयोग मुलाला समज देत, आईबापांना दंड करत, किंवा त्याला विशेष शाळेत पाठवत. १९६३मध्ये गुन्ह्यांची कारणे शोधणारी संस्था मॉस्कोत उभी राहिली, आणि तिथल्या अभ्यासकांना घरातली दारू, मोडलेली कुटुंबे, अर्ध्यावर सुटलेली शाळा आणि टोळक्याची संगत ही कारणे, सावध शब्दांत का होईना, पुन्हा लिहिता येऊ लागली.