पार्श्वभूमी: कोविडकाळ आणि विदर्भाच्या गावाकडचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट

२० ते २६ मार्च २०२० या आठवड्यात चार सरकारी कागद एकापाठोपाठ निघाले. आजार, इजा किंवा अपंगत्व आलेल्या माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार देणारे ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ग्रामीण विदर्भातल्या या थेरपिस्टांचे मन पुढची दोन वर्षे कशाने पोखरले आणि त्यांच्या सेवेचा दर्जा कुठे घसरला, हे समजायचे तर ते कागद एकत्र ठेवून वाचावे लागतात. त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो.

भारतात या व्यवसायाचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात सुरू झाले. त्यामागे अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर मराठी घरात आलेल्या एका बाईंची धडपड होती. पुढे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही पदवीची सोय झाली. काम करता करता माणूस सावरतो, हा अनुभव विदर्भाला मात्र त्याआधीपासून होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून आणि वरोऱ्याला १९४९ पासून कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांना शेतीचे आणि कारागिरीचे काम मिळत होते. थेरपिस्टांच्या नोंदणीसाठी राज्याचा कायदा आहे तो थेट २००२ सालचा. नोंदणी झाली तरी माणसे शहरातच राहिली. जिल्ह्याच्या गावी एखाद-दुसरा थेरपिस्ट आणि तालुक्याला बहुधा कुणीच नाही, या पायावर महामारी येऊन आदळली.

आता ते कागद. २० मार्चला केंद्राने रुग्णालयांना सूचना दिली. तिचा भर नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलून खाटा मोकळ्या ठेवण्यावर होता. टाळेबंदीच्या आदेशात डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिकल कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याला सूट होती. २५ मार्चला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वे आली, ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. २६ मार्चला दिव्यांगांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या आणि त्यांच्या मदतनीसांना पास देण्याची तजवीज झाली.

चारही कागद आपापल्या जागी ठीक होते. त्यांच्यामधून थेरपी मात्र निसटली. शस्त्रक्रियांसाठी लिहिलेली सूचना स्थानिक पातळीवर ताणून वाचली गेली आणि थेरपीचे विभाग ‘तातडीचे नाही’ या खात्यात पडले. थेरपिस्टला घराबाहेर पडायला परवानगी होती, पण रुग्णाला आणणारी एसटी बंद होती. फोनवर सेवा द्यावी, तर नियम डॉक्टरांपुरते. मदतनीसाला पास मिळे, पण ज्या मुलाला घेऊन जायचे त्याचे केंद्रच कुलूपबंद असे. १४ एप्रिलला अत्यावश्यक आरोग्यसेवा सुरू ठेवण्याची मार्गदर्शिका आली. बाळंतपण, लसीकरण, डायलिसिस, क्षयरोग यांची घडी त्यातून बसू लागली. लकवा झालेल्याचा हात कुणाच्या यादीत, हे गावपातळीवर कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हते.

बंद ठेवणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवे. हे काम हात हातात घेऊन होते, त्यात सहा फुटांचे अंतर पाळता येत नाही. खोली लहान, खेळणी आणि साहित्य सगळ्यांना तेच, एन-९५ मास्कची टंचाई, आणि येणारे रुग्ण म्हणजे बहुतेक साठी ओलांडलेले, बीपी-शुगरवाले. एप्रिल २०२० मध्ये कुणीही जबाबदार अधिकाऱ्याने कुलूपच लावले असते. वाद त्यानंतरचा आहे. कुलूप किती दिवसांनी उघडून पाहायचे आणि ते कुणी ठरवायचे, हे कुठेच लिहिले नव्हते. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियेची निदान यादी असते. पुढे ढकललेल्या थेरपीची यादीही नसते. लकव्यानंतरचे पहिले काही महिने हात परत मिळवण्याचे असतात. भाजलेल्या कोपराला वेळेवर स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) नाही लागला तर कातडी आखडते. सेरेब्रल पाल्सीचे (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेले) मूल वाढत राहते आणि त्याचे सांधे त्या वाढीबरोबर आवळत जातात. अशा सेवेला ‘नंतर बघू’ म्हणणे आणि ‘नको’ म्हणणे यांत फारसा फरक उरत नाही.

थेरपिस्टांचा ताण इथे सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिचे तीन पदर सांगितले: थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही ही जाणीव. मोठ्या शहरांतल्या कोविड वॉर्डात सुरुवात थकव्यापासून झाली. विदर्भाच्या गावाकडे ती तिसऱ्या पदरापासून झाली, असे माझे मत आहे. काम जास्त झाले म्हणून ही माणसे खचली नाहीत. स्वतःचे काम थांबले, काय बिघडते आहे हे नेमके दिसत राहिले आणि वर स्क्रीनिंग, नोंदी, फोनवरची विचारपूस असली कामे अंगावर आली. ती गरजेची होतीच. पण त्यासाठी साडेचार वर्षे शिकावे लागत नाही. खाजगी दवाखाना चालवणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. उत्पन्न बंद, भाडे चालू. केंद्राचा पन्नास लाखांचा विमा कोविड रुग्णांच्या थेट संपर्कातल्यांसाठी होता. खाजगीतल्याला तो सरकारने कामावर बोलावून घेतले तरच लागू.

जून २०२० नंतर फोनवरची थेरपी रुळली, म्हणजे रुळली असे कागदावर दिसते. मेळघाटात किंवा भामरागडकडे रेंज शोधायला टेकडीवर जावे लागते, तिथे व्हिडिओ कॉलचे काय बोलायचे! सपाटीवरच्या गावांतही घरात एक स्मार्टफोन आणि तो पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी अडकलेला. आईने व्यायाम करून घ्यायचा, तर पेरणी-निंदणीच्या दिवसांत आई शेतात. त्या उन्हाळ्यात कापसाची खरेदी रखडली होती आणि बऱ्याच घरांत कापूस तसाच पडून होता. स्प्लिंटचे, बुटांचे पैसे मागायला थेरपिस्टची जीभ रेटत नसे. फोनवरून सांधा किती वाकतो हे मोजता येत नाही, स्प्लिंट बसवता येत नाही, कातडीवर कुठे दाब येतो ते कळत नाही. रजिस्टरमध्ये मात्र ‘फॉलोअप झाला’ अशी नोंद पडते. सेवेचा दर्जा त्या काळात कॉलच्या संख्येवर मोजला गेला. आपण लिहितो ते अर्धसत्य आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. मनाला लागते ते हेच.

मग फेब्रुवारी २०२१. दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल राज्यात अमरावती, अकोला, यवतमाळकडे लागली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी आली. जानेवारीत जेमतेम उघडलेली थेरपीची दारे महिन्याभरात परत लागली. एप्रिलमध्ये चित्र उलटे झाले. ऑक्सिजनवरून उतरलेली, दहा पावले चालली की धाप लागणारी माणसे घरी येऊ लागली. आंघोळ, कपडे, स्वयंपाक ही रोजची कामे दम न लागता कशी करायची, ते शिकवणे हा तर ऑक्युपेशनल थेरपीचा गाभा. काल ज्यांची सेवा तातडीची नव्हती त्यांचीच आज विचारणा होऊ लागली. जुने रुग्ण मात्र त्या रांगेत आणखी मागे गेले.

थेरपिस्टांच्या मनासाठी काय होते? विदर्भात शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ पासून समुपदेशनाचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्याची यंत्रणाही आहे. पण ती रुग्णांसाठी. छोट्या गावात समुपदेशक आणि थेरपिस्ट एकाच आवारात बसतात, एकाच डब्यातले खातात. तिथे जाऊन ‘मला झोप लागत नाही’ म्हणणे सोपे नाही. नाव न सांगता बोलता येईल असा १४४१६ हा क्रमांक आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, लाटा ओसरल्यावर. त्यात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाही, आणि मनोरुग्णालयांत तर तो पिढ्यान्‌पिढ्या काम करतो.

मार्च २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा झाला आणि त्यात या व्यवसायाला जागा मिळाली. त्याचा रोख शिक्षण, नोंदणी आणि दर्जा यांवर आहे. जिल्ह्यात पदे किती हवीत किंवा साथीत कोणती थेरपी चालू ठेवायची, हा त्याचा विषय नाही.

शहरातल्या पाहण्या महामारी लाटांच्या तारखांनी मोजतात, आणि त्यातल्या बऱ्याच ऑनलाइन फॉर्मवर झालेल्या. गावाकडे हिशेब वेगळा लागतो. आंतरजिल्हा एसटी २० ऑगस्ट २०२० ला सुटली, पण २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. राज्याने त्या महिन्याच्या सुरुवातीला कोविडचे निर्बंध उठवले तेव्हाही कितीतरी आगारांत गाड्या उभ्याच होत्या. ग्रामीण विदर्भातल्या थेरपीच्या दर्जाविषयी कुणी आकडे गोळा करणार असेल, तर त्याला हे संपाचे महिनेही धरावे लागतील.