फेस एकच, आजार अनेक

लघवीला फेस येतो. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, दिवस कलेपर्यंत ती पायांत उतरते. तपासणीत रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटलेले आणि कोलेस्टेरॉल वाढलेले निघते. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिने जातात. मूत्रपिंडातून प्रथिने गळण्याच्या या लक्षणसमूहाला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात; प्रौढांमध्ये त्यात हा आकडा ३.५ ग्रॅमच्या वर जातो. एवढे सगळे समजले तरी आजार कोणता, हे समजलेले नसते. मधुमेह, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), अमायलॉइडोसिस (अवयवांत विकृत प्रथिन साठण्याचा आजार), किंवा मेंब्रेनस नेफ्रोपथी, मिनिमल चेंज डिसीज, एफएसजीएस हे मूत्रपिंडाच्या गाळणीचेच आजार, यांपैकी कोणीही हाच फेस आणि हीच सूज आणू शकतो. उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. पांढरा साका धरला की मूत्रपिंडात बिघाड आहे असे समजायचे. आजच्या पट्टी-चाचण्या कितीतरी सोप्या आणि संवेदनशील आहेत, पण लघवीतल्या प्रथिनांची मर्यादा तीच राहिली आहे: गळती होते आहे एवढेच त्यांतून कळते.

ती कुठून होते ते पाहायला बायोप्सी करावी लागते, म्हणजे मूत्रपिंडात सुई घालून छोटा तुकडा काढावा लागतो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख ग्लोमेरुलस असतात, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ. या केशवाहिन्यांना बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात आणि त्यांचे पाय, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत, तसे शेजारच्या पेशीच्या पायांत गुंतलेले असतात. मिनिमल चेंज डिसीजमध्ये हे पाय चपटे होऊन पसरतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळे ठीकठाक वाटते, बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच. एफएसजीएसमध्ये सुरुवातीला मोजक्याच ग्लोमेरुलसवर व्रण असतात. बायोप्सीच्या तुकड्यात जेमतेम दहा-वीस ग्लोमेरुलस हाती लागतात, त्यांत व्रण असलेला एकही नसेल तर निदान चुकते. शिवाय रक्तस्रावाचा धोका आहेच, आणि आजार पालटतो आहे का हे पाहायला दर दोन महिन्यांनी कोणी सुई टोचून घेणार नाही.

मेंब्रेनस नेफ्रोपथीच्या बाबतीत २००९ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या लॉरेन्स बेक, डेव्हिड सॅलंट आणि सहकाऱ्यांनी कोंडी फोडली. रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच मूत्रपिंडाविरुद्ध अँटिबॉडी असाव्यात असा संशय जुना होता. त्या नेमक्या कशाला चिकटतात ते सापडत नव्हते. या मंडळींनी निरोगी ग्लोमेरुलसचा अर्क घेतला आणि त्यावर रुग्णांचे सीरम, म्हणजे रक्तातला पेशी वगळलेला द्रव, तपासले. प्रयोगशाळेत प्रथिने वेगळी करताना त्यांच्यातले गंधकाचे बंध तोडण्याची पद्धत रूढ आहे. इथे ते बंध तोडले नाहीत, म्हणून प्रथिनाचा आकार टिकला आणि अँटिबॉडीला आपले लक्ष्य ओळखता आले. ३७ पैकी २६ रुग्णांच्या सीरमने एकाच प्रथिनावर बोट ठेवले. ते होते पोडोसाइटवरचे पीएलए२आर.

आता पीएलए२आरविरोधी अँटिबॉडीची रक्तचाचणी नेहमीच्या वापरात आहे. नेफ्रॉटिक सिंड्रोम असेल, मूत्रपिंडाचे काम शाबूत असेल आणि चाचणी पॉझिटिव्ह आली, तर निदानासाठी बायोप्सी केलीच पाहिजे असे नाही, असे केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मला यापेक्षाही मोलाची वाटते ती या अँटिबॉडीची चाल. उपचार लागू पडला की आधी अँटिबॉडी घटते. लघवीतली प्रथिने कमी व्हायला त्यानंतर कित्येक महिने लागतात, कारण बिघडलेली गाळणी दुरुस्त व्हायला वेळ लागतो. प्रथिने अजून जात आहेत म्हणून औषध वाढवायचे की थांबून वाट पाहायची, हे त्यावरून ठरवता येते.

चाचणी निगेटिव्ह आली म्हणून मेंब्रेनस नेफ्रोपथी नाही, असे मात्र म्हणता येत नाही. इतर लक्ष्येही आहेत. त्यांतले नेल-१ हे प्रथिन बायोप्सीत आढळले तर डॉक्टर शरीरात कुठे कर्करोग दडला आहे का ते शोधतात, आणि पारा असलेले एखादे औषध किंवा त्वचा उजळणारे क्रीम वापरता का, हेही विचारतात.

प्रत्येक आशा फळाला आली असे नाही. २०११ मध्ये सुपार हे रक्तातले प्रथिन एफएसजीएसची खूण म्हणून गाजले. पुढे लक्षात आले की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता कोणत्याही कारणाने घटली तरी ते वाढते, आणि शरीरात दाह असला तरी वाढते. मग निदानासाठी त्याचा उपयोग काय?

मिनिमल चेंजचा धागा वेगळ्याच ठिकाणाहून आला. पोडोसाइटच्या पायांमधली फट सांधणारे नेफ्रिन हे प्रथिन १९९८ मध्ये सापडले, तेही जन्मतः नेफ्रॉटिक सिंड्रोम असलेल्या फिनलंडमधल्या बाळांच्या जनुकाचा शोध घेताना. यांतल्या अनेक बाळांच्या शरीरात नेफ्रिन बनतच नाही. मूत्रपिंड बदलल्यावर काहींच्या शरीराला नव्या मूत्रपिंडातले नेफ्रिन परके वाटले, त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या आणि प्रथिने पुन्हा गळू लागली. मग अशा अँटिबॉडी इतरांमध्येही असतील का? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात मिनिमल चेंज असलेल्या ४४ टक्के प्रौढांमध्ये त्या आढळल्या. आजार उफाळलेला असताना आणि औषधे सुरू होण्याआधी रक्त घेतले तर हे प्रमाण आणखी जास्त होते. उंदरांना नेफ्रिन टोचले तर त्यांनाही तसाच आजार झाला.

मुलांमध्ये आजवर बहुधा बायोप्सी न करता स्टेरॉइड देऊन पाहतात. बहुतेकांची सूज ओसरते आणि तेच निदान ठरते. ज्यांना स्टेरॉइड लागू पडत नाही, त्यांच्यात जनुक-चाचणी कामाला येते: नेफ्रिन किंवा पोडोसिन या पोडोसाइटमधल्याच दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष निघाला, तर स्टेरॉइड बंद करता येते. नेफ्रिनविरोधी अँटिबॉडी मोजण्याच्या पद्धती मात्र अजून एकसारख्या झालेल्या नाहीत, त्यामुळे मिनिमल चेंजचा संशय असलेल्या प्रौढाला सध्या तरी सुई चुकत नाही.