टेक्निकलला टेक्निकल म्हणजे डबल फाउल नव्हे

बास्केटबॉलच्या सामन्यात दोन खेळाडू एकमेकांना वाटेल ते बोलतात, रेफरी दोघांनाही टेक्निकल फाउल देतो आणि बाकावरून हमखास आरोळी येते, "डबल फाउल! दोन्ही कॅन्सल!" टेबलावर स्कोअरशीट लिहीत बसलेलं असताना हे ऐकलं की पेन खाली ठेवून उठावंसं वाटतं.

डबल फाउल तुम्हाला माहीत आहे: दोन प्रतिस्पर्धी साधारण एकाच वेळी एकमेकांवर फाउल करतात, फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून मोकळा फेकण्याची संधी, कुणालाच नाही. पण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत त्यासाठी अंगाला अंग लागावं लागतं. खेळाडूचा टेक्निकल हा वागणुकीचा फाउल, त्यात अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे दोन टेक्निकल मिळून डबल फाउल कधीच होत नाही. 'डबल टेक्निकल' हा शब्द एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा. आपल्याकडे खेळतात फिबाच्या नियमांनी आणि वाद घालतात टीव्हीवर पाहिलेल्या एनबीएवरून, हे माझं जुनं दुखणं.

आता जिथे भलेभले घसरतात ती गोष्ट. डबल फाउलमध्ये वेळ महत्त्वाची, दोन्ही फाउल जवळजवळ एकदमच व्हावे लागतात. दोन टेक्निकलच्या शिक्षा एकमेकींना कापतात, पण वेगळ्या नियमाने, आणि तिथे किती सेकंद गेले हे कुणी मोजत नाही. तिथे पाहायचं ते एवढंच, की मधल्या काळात बॉल लाइव्ह, म्हणजे खेळात, आला का?

समजा, पाहुण्या संघाचा कोच ओरडला आणि त्याला टेक्निकल मिळाला. यजमानांना एक फ्री थ्रो. घड्याळ थांबलेलं, शूटर रेषेकडे चाललाय. अर्ध्या मिनिटाने यजमानांचाच एक खेळाडू त्या कोचची नक्कल करतो. त्यालाही टेक्निकल. दोन्हींत अर्ध्या मिनिटाचं अंतर, तरी शिक्षा सारखी, म्हणून एकमेकींना छेद देतात. कुणीच फ्री थ्रो घेत नाही.

आता तोच प्रसंग, फक्त रेफरीने बॉल शूटरच्या हवाली केलेला आहे आणि नक्कल त्यानंतर झाली. बॉल लाइव्ह झाला, म्हणजे पहिली शिक्षा अमलात यायला लागली. ती आता कशाशीच कापता येत नाही. यजमान आपला एक फ्री थ्रो घेणार, मग पाहुणे त्यांचा एक घेणार. दोन्ही वेळा गुन्हे तेच, माणसंही तीच. तरी एकदा शून्य फ्री थ्रो, एकदा दोन. "मघाशी त्यांचं कापलं, मग आमचं का नाही?" याचं उत्तर शूटरच्या हातात होतं, अक्षरशः.

आणि कापली जाते ती शिक्षा. फाउल जागच्या जागी राहतो. स्कोअरशीटवर त्या टेक्निकलच्या खुणेशेजारी एक छोटा 'सी' येतो, बस. खेळाडूचा असेल तर तो त्याच्या पाच फाउलांत धरला जातो आणि संघाच्या फाउलांतही. कोचचा किंवा बाकाचा मात्र संघाच्या फाउलांत येत नाही. चार फाउल असलेला खेळाडू असा 'कॅन्सल' टेक्निकल घेऊनही बाहेर जातो. आधी एक टेक्निकल असेल तर दुसऱ्याने थेट डिस्क्वालिफाय. त्याला हे टेबलावरून सांगण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

वजन सारखं नसेल तर काहीच कापलं जात नाही. अनस्पोर्ट्समनलाइकला, म्हणजे खेळाच्या भावनेविरुद्ध केलेल्या गंभीर फाउलला, दोन फ्री थ्रो आणि वर बॉल, टेक्निकलला एकच फ्री थ्रो. त्यामुळे दोन्ही शिक्षा द्यायच्या, टेक्निकलची आधी. आणि संघाच्या पाचव्या फाउलाचे दोन फ्री थ्रो मिळालेले असताना दोन्हीकडे टेक्निकल पडले, तर टेक्निकल आपसांत मिटतात. ते दोन फ्री थ्रो राहतातच.

सगळंच कापलं गेलं तर बॉल कुणाचा? ज्याचा होता त्याचा. बास्केट पडलेली असेल तर ज्यांच्यावर पडली त्यांचा, एंड लाइनमागून. कुणाचाच नसेल तर टेबलावरचा ॲरो, म्हणजे बॉल आळीपाळीने कुणाला द्यायचा हे सांगणारा बाण, दाखवेल त्यांचा. इथे कुणीतरी हमखास मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवतो, कारण एनबीएत अशा वेळी जंप बॉल होतो, म्हणजे रेफरी बॉल वर उडवतो आणि दोघे त्यासाठी उड्या मारतात. फिबात तो सामन्याच्या सुरुवातीला एकदाच.